उसने कान

पहिल्यांदा गेला तो सगळ्यात चिमुकला.
डोक्यावर पिवळी रेघ, वजन जेमतेम पाच ग्रॅम,
स्प्रूसच्या शेंड्यात बसून
सुईत दोरा ओवावा तसा गाणारा.
तीन वसंत मी वहीत त्याच्यापुढे शून्य लिहिलं
आणि वर कार्यालयाला कळवलं,
सोमाच्या दलदलीतून हा पक्षी नाहीसा होतो आहे.

मग पार्नूच्या कानाच्या डॉक्टरांनी
मला काचेच्या खोलीत बसवलं.
"आवाज आला की बटण दाबा, लाइनेबाई."
मी बोट तयार ठेवून बसले.
बराच वेळ बसले.
काचेपलीकडे त्यांचा हात मात्र हलत होता,
एकेक खुंटी फिरवत.

जंगल भरलेलंच होतं.
ती तीन पानं मी फाडली नाहीत.

आता माझ्याबरोबर काउर येतो,
पुलापलीकडच्या आरागिरणीवाल्याचा मुलगा, वय अकरा.
आमच्या भाषेत काउर हे एका पाणपक्ष्याचंही नाव,
पण ह्याला स्वतःखेरीज एकही पक्षी ठाऊक नाही.
आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा, तसा आमचा संसार.
कान त्याचे, नावं माझी,
आणि वल्हवायचं मीच.

एप्रिलात हालिस्ते नदी पात्र सोडून कुरणात शिरते.
इथली माणसं त्याला पाचवा ऋतू म्हणतात.
तेव्हा अ‍ॅस्पेनच्या बुंध्यातून कोरलेल्या होडीतून
आम्ही झाडांच्या कमरेकमरेनं जातो.
पहाटेचे तीन. मी वल्हं उचलून धरते.
वल्ह्यावरून थेंब पडतात, ते संपेपर्यंत तो बोलत नाही.

"कोणीतरी रिकाम्या बाटलीत फुंकतंय. लांब, बोरूत."
तो दबा धरून बसणारा बगळा. लिही.
"शेळी. पण आभाळात."
पाणलावा. तोंडानं नव्हे, शेपटीच्या पिसांनी वाजवतो. लिही.

मे आला, पाणी उतरलं, आम्ही बूट घालून चालू लागलो.
"कंगव्याच्या दातांवरून नख. दोनदा. परत दोनदा."
हा मलाही ऐकू येतो रे, हा मेलेल्यालाही उठवेल.
"बाबांच्या गळाची रीळ सुटलीये, थांबतच नाही."
मी मान वळवली, कानामागे तळहात धरला.
नुसतं गवत.
लिही, म्हटलं, गवतातला, उंदरासारखा पळणारा. एक.

"चाक तेल मागतंय. टी-चू, टी-चू."
मी ऐटीत रामगंगा सांगितली.
"नाही," तो म्हणाला, "चाकच आहे,"
आणि वळणावरून टपालवाली उर्वे आली, सायकलवर.
ते मात्र आम्ही लिहिलं नाही.

एकदा स्प्रूसखाली तो गप्प उभा राहिला.
वर बघत म्हणाला, "फार बारीक आहे, खाली आणू?"
आणि ओठ आवळून त्यानं ते शिट्टीत आणलं,
एक पायरी, अजून एक,
विहिरीत पोहरा सोडावा तसं,
माझ्या कानांना लागेपर्यंत.
तीच सुई. तोच दोरा. शेवटी तीच छोटी गाठ.
मी डास हाकलल्यासारखं केलं
आणि डोळ्यांवरून हात फिरवून घेतला.

हे सगळं सांगायचं कारण कालची रात्र.
जूनची, म्हणजे रात्र नावापुरतीच.
"हा नवा," काउर म्हणाला.
कसा?
"ओला अंगठा काचेवरून. मग मध्येच
कोणाचा तरी विचार बदलल्यासारखा."
चाळीस वर्षांची नावं मी एकेक करून पुढे केली.
तो प्रत्येकाला मान हलवत राहिला.
त्यानं शिट्टी वाजवली, खालून, वरून, नाकातून.
मला एकही नाव सुचेना.

वेळ लिहिली. वारा लिहिला. डावा काठ, आल्डरची झाडं.
"नावाच्या जागी शून्य घालू?"
नको. शून्य अजिबात नको.
रिकामं ठेव.

तो पेन्सिल वर धरून थांबला.
म्हणे, ते पुन्हा बोललं.